प्रसूतिकक्षात सोबत कोणाची? आणि बाळंतपणाचे इतर प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत बाळंतपणाविषयीची पत्रे सर्वाधिक असल्यामुळे हे सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मला आठवा महिना लागला आहे आणि हे पहिलेच बाळंतपण आहे. कळांपेक्षाही मला त्या खोलीत एकटी पडण्याची भीती वाटते. जिथे नाव घातले आहे तिथे नातेवाइकांना दाराबाहेरच थांबवतात, असे कळले. यजमानांची आत थांबायची तयारी आहे, पण सासूबाई म्हणतात, तिथे पुरुषाचे काय काम? मी आग्रह धरावा का? (एक वाचक, सांगली)

धरावा, आणि आत्ताच धरावा. कळा सुरू झाल्यावर दारात उभे राहून वाद घालण्याची ताकद कोणाजवळच उरत नाही.

बाळंत होणाऱ्या बाईजवळ सतत कोणीतरी असणे हे लाडाकोडाचे प्रकरण आहे, असा समज अजूनही अनेक रुग्णालयांत आहे. वस्तुतः हा उपचाराचाच भाग आहे. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेली संशोधने एकत्र तपासली गेली. ज्यांना प्रसूतीच्या काळात सलग सोबत मिळाली, त्यांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होण्याचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे व वेदनाशामक औषधांचे प्रमाण कमी आणि कळांचा काळ काहीसा आखूड असल्याचे त्यात दिसून आले. यामागचे शरीरशास्त्र असे, की गर्भाशयाला आकुंचन करायला लावणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक निवांतपणी चांगले स्रवते, आणि भीतीने वाढणारे ॲड्रेनलिन त्याच्या आड येते. झगझगीत दिवे, अनोळखी माणसांची ये-जा आणि अंगावर खेकसणे या सर्वांचा परिणाम कळा मंदावण्यात होऊ शकतो. (आपल्याकडच्या काही प्रसूतिकक्षांत बायांना जी वाक्ये आजही ऐकवली जातात, ती या पानावर छापण्याजोगी नाहीत. बाहेरचे एक माणूस शेजारी उभे असले, की ती वाक्ये आपोआप बंद होतात, हाही सोबतीचा एक फायदाच समजावा.)

तुमच्या मागणीला सरकारी धोरणाचाही आधार आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, अशी सूचना राज्यांना दिली, आणि २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष-सुधारणा कार्यक्रमातही तिचा समावेश आहे. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावे, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि खोलीतल्या इतर बायांकडे जाऊ नये, अशा त्यातील अटी आहेत. जिथे प्रत्येकीला पुरेसा आडोसा आहे तिथे पतीलाही थांबता येते. त्यामुळे एकाच दालनात चार खाटा असतील तर यजमानांना नकार मिळणे समजण्यासारखे आहे, पण मग आई, बहीण किंवा सासूबाई आत येऊ शकतील का, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. ‘आमच्याकडे जागा नाही’ हे उत्तर मला स्वतःला फारसे पटत नाही. दोन खाटांमध्ये पडदा लावण्याला मोठा खर्च येत नाही.

पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आणि प्रसूतिकक्षाच्या मुख्य परिचारिकेला दोघांनाही विचारा, कारण रात्री दोन वाजता निर्णय बहुधा परिचारिकाच घेत असते. मिळालेला होकार तुमच्या केसपेपरवर लिहून घ्या.

आता सोबतीला कोण, याविषयी. नात्यापेक्षा स्वभाव पाहावा. रक्त पाहून ज्याला भोवळ येते, किंवा जी व्यक्ती दर दहा मिनिटांनी ‘अजून किती वेळ?’ असे डॉक्टरांना विचारणार आहे, ती कितीही जवळची असली तरी उपयोगाची नाही. आत जाणाऱ्याला काम माहीत असेल तर यजमानही उत्तम सोबत करतात. कळ आली की बाईने पुढे वाकून खाटेचा कठडा धरावा आणि सोबतीने तळहाताचा टाचेकडचा भाग तिच्या कमरेच्या अगदी खालच्या, माकडहाडाच्या वरच्या हाडावर टेकवून कळ ओसरेपर्यंत सलग दाबून धरावा. चोळण्यापेक्षा हा स्थिर दाब पुष्कळ बायांना अधिक बरा वाटतो, विशेषतः कळा कंबरेतून निघत असतील तर. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी किंवा शहाळे द्यावे, तिला उठवून चालवावे, कूस बदलायला मदत करावी, लघवीची आठवण करावी आणि एरवी गप्प बसावे. जोखीम नसलेल्या बाईने प्रसूतिकाळात खायला-प्यायला आणि उभे राहायला, फिरायला हरकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. सरसकट एनिमा देणे, केस काढणे आणि प्रत्येक पहिलटकरणीला छेद देऊन टाके घालणे या जुन्या रिवाजांना त्याच सूचनांत आधार उरलेला नाही.

एवढे करूनही वेदना सोसवेनाशा झाल्या तर कमरेतून दिले जाणारे एपिड्युरल, म्हणजे वेदना कमी करणारे भुलीचे औषध, मागण्यात कमीपणा मानू नका. त्यामुळे बाळ खाली सरकण्याचा शेवटचा टप्पा काहीसा लांबू शकतो, मात्र सिझेरियनचे प्रमाण वाढते ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. ती सोय तुमच्या रुग्णालयात रात्रीही असते का, हेही त्याच भेटीत विचारून ठेवा.

सुनेला पहाटेपासून कळा येत होत्या. रुग्णालयात नेले, तर ‘दोनच बोटे उघडले आहे, घरी जा’ म्हणून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी रात्री ती सुखरूप बाळंत झाली, पण मधल्या काळात आमचा जीव टांगणीला लागला होता. हा हलगर्जीपणा नव्हे का? धाकट्या सुनेच्या वेळी काय करावे? (एक सासूबाई, जळगाव)

पत्रातल्या माहितीवरून तरी तो हलगर्जीपणा वाटत नाही. घरी काय करायचे आणि पुन्हा केव्हा यायचे हे मात्र तुम्हाला कोणी सांगितले नाही, ही चूक निश्चितच आहे.

पहिलटकरणीच्या गर्भपिशवीचे तोंड मऊ होऊन, पातळ होऊन उघडायला लागण्याचा पहिला टप्पा काही तासांचा असू शकतो, तसाच दीड-दोन दिवसांचाही असू शकतो. दोन बोटे म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर. खऱ्या अर्थाने वेगाने उघडण्याचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा, असे जागतिक आरोग्य संघटना आता सांगते, आणि तो टप्पा पहिल्या खेपेला सहसा बारा तासांच्या आत, पुढच्या खेपांना दहा तासांच्या आत पार पडतो. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, हा कित्येक वर्षे पाळला गेलेला हिशेब आता सर्वांना लागू करत नाहीत. बाईला फार लवकर दाखल करून घेतले, की सलाईन, कळा वाढवण्याची औषधे आणि ‘अजून प्रगती नाही’ म्हणून घाई, अशी साखळी सुरू होण्याचा धोका वाढतो.

घरी असताना सुनेने नेहमीचे हलके जेवण घ्यावे, कळांच्या मधल्या वेळात झोप काढावी, कोमट पाण्याने आंघोळ करावी, घरातल्या घरात फिरावे. शेजारणींना बोलावून बाळंतपणाच्या कहाण्या सांगायची ही वेळ नव्हे. घड्याळ लावून कळा मोजाव्यात. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ पाऊण ते एक मिनिट टिकणारी, आणि हे तासभर चालू, असे झाले की निघावे. परंतु पाणी गेले, अंगावरून ताजे लाल रक्त जाऊ लागले, पाण्याला हिरवट रंग दिसला, बाळाची हालचाल मंदावली, डोके असह्य दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांचा हिशेब बाजूला ठेवून त्याच क्षणी निघायचे. महिने पूर्ण भरण्याआधी, म्हणजे सदतीस आठवड्यांपूर्वी कळा आल्या तरी वाट पाहू नये.

रुग्णालय दूर असेल, वाटेत घाट किंवा ओढा असेल, किंवा आधीचे बाळंतपण झटपट झाले असेल, तर हा पाच मिनिटांचा नियम तुमच्यासाठी नाही, लवकर निघा. गरोदर स्त्रीला सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाचे आणि तातडीच्या वेळी १०८ चे वाहन विनामूल्य मिळते. आदिवासी भागांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ आहे, तिथे दिवस भरत आलेल्या बाईला काही दिवस आधीच येऊन राहता येते. तुमच्या आशाताईंना त्याची चौकशी करायला सांगा.

मुलगी लंडनला असते. तिचे सगळे बाळंतपण मिडवाइफच करणार, डॉक्टर येणार नाहीत, असे ती निर्धास्तपणे सांगते. आम्ही मात्र धास्तावलो आहोत. हे म्हणजे पूर्वीच्या सुईणीसारखेच नव्हे का? (एक वडील, पुणे)

आपली धास्ती समजू शकते, पण तिथली व्यवस्था वेगळी आहे. ब्रिटनमध्ये मिडवाइफ म्हणजे साधारणतः तीन वर्षांची पदवी घेतलेली, नोंदणीकृत आणि कायद्याने जबाबदार असलेली व्यावसायिक. जोखीम नसलेल्या गरोदरपणात तपासणीपासून प्रसूतीपर्यंत तीच मुख्य असते, आणि काही वावगे दिसताच बाईला डॉक्टरांकडे सोपवणे हे तिचे कर्तव्य असते. आपल्या सुईणींच्या हातात कसब होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्यामागे रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह आणि नवजात शिशूंचा विभाग उभा नव्हता, आणि बायका दगावत त्या बहुतेक वेळा याच कारणाने.

इंग्लंडमधल्या प्रसूतिस्थळांचा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जोखीम नसलेल्या स्त्रियांच्या बाबतीत मिडवाइफ चालवत असलेले प्रसूतिकेंद्र आणि डॉक्टरांचा प्रसूतिविभाग यांत बाळाच्या दृष्टीने लक्षणीय फरक त्यात आढळला नाही, आणि केंद्रांत हस्तक्षेप कमी झाले. पहिलटकरणीने घरीच प्रसूत व्हायचे ठरवले, तर मात्र बाळाला असलेला धोका थोडा अधिक दिसला. म्हणून मुलीला एवढेच विचारा, की तिने घर निवडले आहे की केंद्र, आणि केंद्र रुग्णालयाच्या आवारात आहे की दूर. कळांच्या वेदना कमी करण्यासाठी तिला नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू यांचे निम्मे-निम्मे मिश्रण नळीने ओढता येईल, त्याला तिकडे ‘गॅस अँड एअर’ म्हणतात. बाळ झाल्यावर निदान पहिले दहा दिवस मिडवाइफची देखरेख चालू राहते, त्यात घरच्या भेटीही असतात. आपण तिकडे जाणार असाल, तर त्या भेटींच्या वेळी मुलीला स्वतः बोलू द्यावे.

आपल्या देशातही केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफ सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, परिचारिकांना त्यासाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात आहे. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने तर २०११ पासूनच असे प्रशिक्षण सुरू केले. वेग मात्र फारच मंद आहे.

सिझेरियन होऊन दुसराच दिवस आहे, दूध आलेले नाही. घरचे म्हणतात, तोवर मध किंवा साखरपाणी चाटवा. चालेल का? (एक बाळंतीण, नाशिक)

नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातून बोट्युलिझमसारखा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. दूध आलेले नाही असे वाटते, कारण सुरुवातीचे पिवळसर, घट्ट चिकाचे दूध थेंबाथेंबानेच येते, आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच पुरते. सिझेरियननंतर पान्हा फुटायला एखादा दिवस अधिक लागतो. तोवर दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायला घ्या, कुशीवर झोपून पाजले तर टाक्यांवर ताण येत नाही. बाळाने नुसते बोंड न धरता भोवतीचा काळा भागही तोंडात घेतला पाहिजे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज निदान सहा लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरते आहे.

बाळ तीन आठवड्यांचे झाले. मला सारखे रडू येते. बाळ झोपले तरी मला झोप लागत नाही. ‘इतके गोंडस बाळ झाले आणि रडतेस काय?’ असे सगळे म्हणतात. माहेरीच आहे, आई खूप करते, पण खोली दिवसभर बंद, धुरी, शेगडी आणि पाणीही मोजून. कधी कधी वाटते, आपण आई व्हायलाच नको होते. (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्ही हे लिहून पाठवलेत, ते फार बरे केले. आता हेच एका डॉक्टरांसमोर सांगायचे आहे, आणि या आठवड्यातच.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रडू कोसळणे, चिडचिड होणे हे बहुसंख्य बायांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तुमचे तीन आठवडे झाले आहेत, आणि बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नाही, हे लक्षण मी गंभीरपणे घेते. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे. भारतातल्या अभ्यासांच्या एका एकत्रित पाहणीत त्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले, म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. यात तुमच्या मायेचा किंवा स्वभावाचा काहीही दोष नाही. डॉक्टर बहुधा तुम्हाला गेल्या सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न विचारतील. १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरा येथील ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. रक्तातले हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या, कारण त्यांतील बिघाडानेही असाच थकवा आणि उदासी येते. उपचारात बोलण्यावर आधारित समुपदेशन असते, औषधे लागली तरी अंगावर पाजत असताना चालणारी औषधे उपलब्ध आहेत. पाजते आहे हे डॉक्टरांना सांगा.

टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार मनात आला, तर तो मनात न ठेवता ताबडतोब आईला सांगा, एकटे राहू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. भास होणे, दोन-तीन रात्री झोप न येऊनही अंगात विलक्षण उत्साह असणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काही घरच्यांना दिसले, तर ती तातडीची वेळ समजून त्यांनीच न्यावे.

पुढचा भाग तुमच्या मातोश्रींसाठी आहे, त्यांना वाचून दाखवा. ताई, सव्वा महिना लेकीला कामाला हात लावू न देण्याची आपली रीत फार मोलाची आहे, ती सोडू नका. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, मेथी, बाजरीची भाकरी हे सगळे द्या, त्याबरोबर वरण, पालेभाजी आणि खात असाल तर अंडेही द्या. पाणी मात्र मोजू नका. पाजणाऱ्या बाईला तहान अधिक लागते, आणि पाणी कमी पडले तर बद्धकोष्ठ होऊन टाक्यांवर जोर येतो. बंद खोलीत धुरी आणि कोळशाची शेगडी तर पूर्ण बंद करा. त्या धुराने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना अपाय होतो, आणि कोळशाच्या विषारी वायूने आई-बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. खिडकी उघडा. लेकीला रोज सकाळी थोडा वेळ अंगणात किंवा गच्चीत बसवा. रात्री एकदा पाजून झाल्यावर बाळाला तुम्ही घेऊन दुसऱ्या खोलीत जा, म्हणजे तिला सलग चार तास झोपता येईल. नुसता ‘आराम कर’ हा सल्ला तिच्या कामाचा नाही. जावईबापूंना आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखे न बोलावता राहायलाच बोलवा आणि बाळाचे लंगोट बदलू द्या.

आमचे बाळ रुग्णालयात जन्मले, वजन चांगले आहे. तरी आशाताई वरचेवर येऊन बाळाचे वजन आणि ताप मोजतात. त्याची खरेच गरज आहे का? (एक आजी, गडचिरोली जिल्हा)

आजी, तुमच्या जिल्ह्यानेच ही गोष्ट देशाला शिकवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून अशा भेटी देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात.

त्या आल्या की बाळाबरोबर सुनेचीही चौकशी करायला सांगा. जाड पट्टी तासाभरात भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधी येणारा स्राव, एका पायाच्या पोटरीत दुखून सूज, तीव्र डोकेदुखी यांपैकी काही असेल तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या घरात आहेत का तेही पाहा. बाळ दूध ओढेनासे झाले, पोट हाताला गार लागू लागले, श्वास मिनिटाला साठहून जास्त वेळा चालू लागला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर आशाताईंच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता १०८ ला फोन करा. एखादी भेट राहून गेली असेल, तर उपकेंद्रातल्या नर्सबाईंना कळवा.